माहेरी बरं वाटतं, घाटात पुन्हा जीव घाबरा होतो

पत्र: माझं वय ३२. निपाणीत राहते, संकेश्वरला पतसंस्थेत नोकरी. रोज बसनं तवंदी घाटातून जाणं-येणं. दिवाळीच्या आधी घाटात समोरचा ट्रक चुकवताना बसनं करकचून ब्रेक मारला आणि बस कठड्याला घासून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच बसनं कामावर गेले, काही वाटलं नाही. बाराव्या दिवशी मात्र घाट चढताना छाती धडधडायला लागली, बोटांना आणि ओठांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आत्ता इथंच जाते असं वाटलं. बस थांबवायला लावून उतरले. त्यानंतर असं पाच वेळा झालं. ईसीजी, टू-डी एको, थायरॉइड, शुगर सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हणून ०.५ ची अल्प्राझोलम 'लागेल तेव्हा घ्या' म्हणून लिहून दिली. सासूबाईंनी दृष्ट काढली. दोन आठवडे रजा टाकून गडहिंग्लजला माहेरी राहिले, एकदम बरं वाटलं. परत आल्यावर पहिल्याच दिवशी घाटाच्या पायथ्याला तेच. आता मिस्टर गाडीवरून सोडतात. बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांचं संशोधन वाचलं. ताणामुळे मेंदूतली भीतीची गाठ वाढते आणि विश्रांती घेतली तरी तशीच राहते म्हणे. मग माझा मेंदू कायमचा बिघडला का? एमआरआय काढू का? काय होऊलंय तेच कळेना.
– एक वाचक, निपाणी

उत्तर:

ताई, तुम्ही लिहिलंय ते पॅनिक अटॅकचं, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्याचं वर्णन आहे. आधी एमआरआयचं. काढू नका. ज्या संशोधनाबद्दल तुम्ही वाचलंत, त्यातले बदल उंदरांच्या मेंदूचे पातळ काप करून, एकेक पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेले आहेत. बेळगावातल्याच काय, जगातल्या कुठल्याही दवाखान्यातल्या मशीनवर इतकं बारीक दिसत नाही. तुमचा रिपोर्ट नॉर्मलच येईल आणि 'मग मला झालंय तरी काय' हा घोर आणखी वाढेल.

'भीतीची गाठ' हा शब्दही डोक्यातून काढा. तो भाग म्हणजे अमिग्डला. बदामाच्या आकाराचे पेशींचे दोन पुंजके, कानशिलांच्या आत खोलवर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. ते प्रत्येकाला असतात. धोक्याची खूण ओळखायची, ती लक्षात ठेवायची आणि पुन्हा दिसली की शरीराला खडबडून जागं करायचं, हे त्यांचं काम.

संशोधन सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेतलं आहे, बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधलं. तुमच्या पत्रातल्या दोन कोड्यांशी त्याचा संबंध आहे म्हणून नीट सांगतो. २००२ मध्ये त्यांनी दाखवलं की उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस, हलता येणार नाही असं अडकवून ठेवलं की मेंदूच्या दोन भागांत उलटसुलट बदल होतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी आणि जागा यांची नोंद ठेवणारा भाग. तिथल्या पेशींच्या फांद्या आखडतात. अमिग्डलातल्या पेशींच्या फांद्या मात्र वाढतात. २००४ मध्ये त्याच्या पुढचं आलं. ताण थांबवून उंदरांना २१ दिवस निवांत ठेवलं. हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, अमिग्डला झाला नाही, आणि उंदरांचा बुजरेपणाही गेला नाही. हा बुजरेपणा मोजायची रीत साधी आहे: अधिकच्या चिन्हासारखी उंचावर ठेवलेली पट्टी, दोन बाजूंना भिंती, दोन बाजू उघड्या. बुजलेला उंदीर उघड्या बाजूला जायचं टाळतो.

२००५ चा प्रयोग तुमच्या बारा दिवसांच्या कोड्याजवळ जातो. त्यात उंदरांना एकदाच, फक्त दोन तास अडकवलं. दुसऱ्या दिवशी अमिग्डलात काहीच फरक नव्हता. दहा दिवसांनी पाहिलं तेव्हा पेशींच्या फांद्यांवरचे बारीक काटे, जिथं दुसऱ्या पेशी येऊन जोडल्या जातात, ते वाढलेले होते आणि उंदीर बुजरा झालेला होता. मधल्या काळात कुणी त्याला छेडलेलं नव्हतं. म्हणजे घटना आणि भीती यांच्यात अंतर पडू शकतं, मधले दिवस शांत जाऊ शकतात. पण उंदरांचे दहा आणि तुमचे बारा जुळले म्हणून हिशेब पुरा झाला असं धरू नका. माणसाच्या मेंदूत इतकं सरळ मोजमाप कुणी केलेलं नाही. एवढंच घ्या की 'त्या दिवशी काही वाटलं नाही, मग आत्ता का' याचं उत्तर 'मी नाटक करते' किंवा 'बाहेरचं काही लागलंय' असं असायची गरज नाही.

आता दुसरं कोडं, आणि आमच्या मते तुमच्या पत्राचा खरा गाभा हाच आहे. माहेरी बरं वाटलं, कारण गडहिंग्लजच्या घरात धोक्याची खूणच नव्हती. अमिग्डलाला तिथं गप्प बसायला कारण मिळालं, पण नवीन काही शिकायला मिळालं नाही. उंदरांचे २१ दिवस आणि तुमचे १४ दिवस यांत हे एक साम्य आहे: दोन्हीकडे फक्त विश्रांती होती. विश्रांतीनं शीण जातो. 'तवंदी घाट म्हणजे मरण' ही जोडणी विश्रांतीनं सुटत नाही. ती घाटातच, पुन्हा पुन्हा जाऊन, काही वाईट न घडण्याच्या अनुभवानं फिकी होते. खरं सांगायचं तर तीही पुसली जात नाही. तिच्यावर दुसरी, 'इथं धडधडतं, पण काही होत नाही' अशी नवी आठवण तयार होते. पोर्तो रिकोतल्या ग्रेगरी क्वर्क यांच्या २००२ च्या प्रयोगात उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या काही पेशी नेमक्या ही नवी आठवण जागी असतानाच पेटताना दिसल्या. भीतीचा ब्रेक तिथं आहे, आणि तो सरावानं पक्का होतो.

मग 'कायमचं' का? नाही. स्वीडनमध्ये २०१६ साली चारचौघांत बोलायची तीव्र भीती असलेल्या लोकांना नऊ आठवडे अशाच सरावाचे उपचार दिले, तेव्हा अमिग्डलाची जास्तीची खळबळ आणि आकार दोन्ही कमी झाले. गट लहान होता आणि भीती वेगळ्या जातीची होती, पण दिशा कळते.

सरावाआधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर अर्धाच सराव कराल. अमेरिकेत एक बाई आहे, संशोधनात तिला एस. एम. एवढ्याच अक्षरांनी ओळखतात. एका दुर्मिळ आजारात तिचे दोन्ही अमिग्डला नष्ट झाले. तिला साप दाखवा, भुताचं घर दाखवा, भीती वाटत नाही. २०१३ मध्ये तिला आणि अशाच आजाराच्या दोन जुळ्या बहिणींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडची हवा एक श्वासभर दिली. तिघींनाही जोराचा पॅनिक अटॅक आला. निरोगी बारा जणांपैकी तो तिघांनाच आला. म्हणजे अटॅकला अमिग्डला लागतोच असं नाही. गुदमरल्याची खूण रक्तातून थेट मेंदूच्या बुडाशी, श्वास सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोचते आणि तिथूनही घंटा वाजते. मजा अशी की पुढच्या वेळी गॅस द्यायच्या आधी शरीरात जी धाकधूक सुरू होते, ती या तिघींत झाली नाही.

तुमच्याकडे दोन्ही आहे. घाट चढताना येणारा झटका एक, आणि बसस्थानकावर पाय ठेवल्यापासून 'आज येतो की काय' अशी वाट बघणं दुसरं. म्हणून सराव दोन: एक शरीरातल्या खुणांचा, एक रस्त्याचा.

शरीराच्या खुणा आधी. झटक्यात तुम्ही नकळत भराभर श्वास घेता. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, रक्त जरा अल्कधर्मी होतं, मोकळं कॅल्शियम कमी पडतं, म्हणून बोटं आणि ओठ मुंग्या-मुंग्या होतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आक्रसतात, म्हणून गरगरतं, आजूबाजूचं खोटं वाटतं. अशा वेळी शेजारचे प्रवासी 'दीर्घ श्वास घ्या' म्हणतात. हा सल्ला उलटा पडतो. मोठा श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो आणि मुंग्या वाढतात. करायचं ते असं: नाकानं छोटा श्वास, मनात चार आकडे, मग सहा आकडे मोजत सावकाश सोडायचा. मिनिटाला सहा श्वास होतात. पोट हललं पाहिजे, खांदे नाही. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, घरात, शांत असताना, दोन आठवडे. न सरावलेला श्वास ऐन घाटात जमत नाही. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय करू नका. त्रास खरंच दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर तो घात करतो.

बेशुद्ध पडेन ही भीती जवळपास प्रत्येकाला असते. बेशुद्ध पडताना रक्तदाब उतरतो, पॅनिकमध्ये तो चढतो. झटका साधारण दहा मिनिटांत टिपेला पोचतो आणि मग आपोआप ओसरतो. तुम्ही आजवर दरवेळी उतरलात, म्हणून हे ओसरणं बसमध्ये कधी बघायलाच मिळालं नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून खुणा मुद्दाम उठवायच्या. एक मिनिट जागच्या जागी जोरात पळा, छाती धडधडेल. गोल फिरणाऱ्या खुर्चीवर एक मिनिट गरगरा. एक मिनिट मुद्दाम भराभर श्वास घ्या, मुंग्या येतील. नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून एक-दीड मिनिट श्वास घ्या, गुदमरल्यासारखं होईल. नारळपाण्याची स्ट्रॉ चालत नाही, ती जाड असते. ज्यूसच्या छोट्या पाकिटाला चिकटवलेली येते ती घ्या. करण्याआधी वहीत लिहा: काय होईल असं वाटतं, किती टक्के खात्री. झाल्यावर लिहा: काय झालं. एका बैठकीत तीच कृती तीन-चार वेळा, आणि लगेच चार-सहाचा श्वास लावून ती विझवायची नाही. विझवलीत तर मेंदू शिकतो की वाचलो ते श्वासामुळे. दिवस गेलेले असतील, दमा, फिट, हृदयाचा किंवा जास्त रक्तदाबाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आता रस्ता. यात तुमच्या बाजूनं एक गोष्ट आहे: शक्ती योजनेत महिलांना कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये शून्य तिकीट आहे, त्यामुळं सरावाच्या फेऱ्यांना पैसे पडत नाहीत. कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र जवळ ठेवा. सुरुवात निपाणी स्थानकावर उभ्या असलेल्या बसमध्ये नुसतं बसण्यानं. सुटायच्या आत उतरायचं. तीन-चार वेळा झालं की वाटेतल्या स्तवनिधीपर्यंत जाऊन परत, नणंद किंवा मैत्रीण सोबत. मग तेवढंच एकट्यानं. मग घाट उतरून संकेश्वर, सोबत घेऊन. मग एकट्यानं. मग खिडकीऐवजी मधल्या सीटवर, मग बाजारच्या दिवशी उभ्यानं, मग मागच्या सीटवर, जिथं दार लांब. शेवटी संकेश्वरला न उतरता पुढं यमकनमर्डी, वंटमुरी घाट करत बेळगाव. एका पायरीला आठवड्यात चार-पाच फेऱ्या हव्यात. आठवड्यातून एकदा केलेल्या फेरीचा उपयोग फारसा होत नाही, कारण मधल्या सहा दिवसांत वाट बघणं परत फुगतं.

बहुतेक जण इथं कुठं चुकतात? भीती शून्य झाली की पुढं जायचं म्हणून थांबतात. शून्य लागत नाही. 'बस थांबवावी लागेल, ८० टक्के' असं लिहिलं होतं आणि ती थांबवावी लागली नाही, एवढं झालं की फेरी जमली. दुसरी चूक म्हणजे आधाराच्या वस्तू. पर्समधली गोळ्यांची स्ट्रिप, हातातली पाण्याची बाटली, ड्रायव्हरच्या मागची ठरलेली सीट, मिस्टरांशी सुरू ठेवलेला फोन. यांच्यासकट केलेल्या शंभर फेऱ्याही मेंदूला एवढंच शिकवतात की बाटलीनं वाचवलं. एकदम टाकू नका, दर आठवड्याला एक कमी करा. स्ट्रिप सगळ्यात शेवटी. मिस्टरांची गाडीही याच यादीत आहे. ते प्रेमानं सोडतात, पण दर फेरीगणिक भीती पक्की होते. त्यांना हे वाचायला द्या आणि आठवड्यातले दोन दिवस बसचे असं ठरवून टाका, मग तीन.

आधी अर्ध्या वाटेत उतरावंसं वाटेल. उतरलात तर उतरलात, पण घरी जाऊ नका. स्थानकाच्या बाकावर दहा मिनिटं बसा आणि पुढची बस धरा.

गोळीचं थोडक्यात. अल्प्राझोलम लागू पडायला अर्धा ते एक तास लागतो. तोवर झटका स्वतःच ओसरलेला असतो, श्रेय मात्र गोळीला जातं. शिवाय गोळी घेऊन केलेल्या सरावाचं शिकणं टिकत नाही. १९९३ मध्ये लंडन आणि टोरांटोत झालेल्या अभ्यासात अल्प्राझोलम बंद केल्यावर तिनं मिळवलेला फायदा निसटला, सरावानं मिळवलेला टिकला. अधूनमधून घेत असाल तर सरावाच्या दिवशी टाळा. रोज घेत असाल तर स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. सरावानंही सहा-आठ आठवड्यांत हललं नाही, किंवा घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, तर एसिटालोप्राम, सर्ट्रालीन अशा रोजच्या गोळ्यांबद्दल मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. त्यांची सवय लागत नाही, परिणामाला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत धडधड उलट वाढू शकते. ते आधी माहीत नसल्यानं पुष्कळ जण नेमक्या त्याच आठवड्यात गोळी सोडतात. म्हणून डोस कमीपासून सुरू करतात.

तुमच्या तपासण्यांच्या यादीत हिमोग्लोबिन दिसलं नाही. करून घ्या. रक्त कमी असेल तर नुसत्या चढावर छाती धडधडते आणि तुमची घंटा तेवढ्यावर वाजते. चहा दिवसाला दोन कप. निपाणीकडे बऱ्याच बायकांना मिश्री लावायची सवय असते. तुम्ही लावत असाल तर तिच्यात निकोटीन असतं आणि ते नाडी वाढवतं. बसला निघायच्या आधी तर नकोच. चालताना-चढताना छातीत दुखून हातात किंवा जबड्यात कळ गेली, खरोखर शुद्ध गेली, किंवा ठोके अनियमित पडायला लागले, तर हा सगळा सल्ला बाजूला ठेवून सरळ दवाखाना.

सासूबाईंच्या दृष्ट काढण्यावरून भांडू नका. त्यानं सराव अडत नाही. फक्त 'दृष्ट निघाल्याशिवाय बसमध्ये चढू नको' असं होऊ देऊ नका, नाहीतर मीठ-मोहऱ्याही त्या बाटलीसारख्याच होतात.

मदत हवी असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, भाषा निवडता येते. तालुका रुग्णालयात 'मनोचैतन्य' या कर्नाटक सरकारच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या दिवशी, बहुधा मंगळवारी, मानसोपचारतज्ज्ञ येतात. वार आधी विचारून जा. धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आजारांवर उपचार करणारी सरकारी संस्था आहे. तिथं भाषेचा संकोच वाटत असेल तर एक शब्द पुरतो. कन्नडमध्येही याला 'गाबरी'च म्हणतात. 'बसनल्ली गाबरी आगतद' एवढं म्हटलंत की समोरच्याला कळतं. वही सोबत न्या. किती वेळा, कुठं, किती मिनिटं, काय होईल असं वाटलं, काय झालं, हे लिहिलेलं असेल तर पहिल्याच भेटीत अर्धं काम होतं.

एक शेवटचं. हा सराव तुम्ही आता कोरड्या दिवसांत कराल. नवी आठवण जागेला आणि हवामानाला चिकटून असते, जुनी भीती कुठंही सोबत येते. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ मार्क बूटन यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे वर्षानुवर्षं दाखवलं आहे: परिस्थिती बदलली की गेलेली वाटणारी भीती परत डोकं काढते. जूनमध्ये घाटात धुकं उतरेल, काचा ओल्या होतील, बस हळू चालेल, आणि एखाद्या दिवशी छातीत पुन्हा धडधडेल. त्याच आठवड्यात पावसातल्या चार फेऱ्या करा, स्तवनिधीपासून सुरू करून. या वेळी पायऱ्या भराभर चढता येतात.